चार टिकल्यांचं नाव

आव्हान आणि आवाहन यांतला फरक न कळणाऱ्या माणसाकडे भाषांतराचं काम दिलं, की माझ्यासारखीचं डोकं फिरणारच.

तसा माणूस वाईट नाही. कुलदीप त्याचं नाव, वय बेचाळीस. मेहकर तालुक्यातले आमचे चारशे बारा सभासद, त्यांची गावं, त्यांची पोरं आणि कुणाची म्हैस कधी व्याली हे सगळं त्याला तोंडपाठ. पण ॲपच्या पडद्यावर त्यानं ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं, 'आवाहनाचं उत्तर द्या.' मी म्हटलं, "कुलदीपभाऊ, आव्हान. आवाहन म्हणजे बोलावणं. आपण कुणाला जेवायला बोलवत नाही आहोत." तो म्हणाला, "बदलतो ना मॅडम." तीन आठवडे झाले, तो अजून बदलतच होता.

मी मनाली, बुलढाण्याची. सहा वर्षं पुण्यात कॉम्प्युटरपुढे पाठ वाकवली, मग आईच्या गुडघ्यांचं निमित्त करून परत आले आणि शिवारमाळ भाजीपाला कंपनीत लागले. ही कंपनी शेतकऱ्यांचीच. कोण उद्या किती कॅरेट वांगी आणणार, कुणाचा माल कोणत्या गाडीत चढणार, हे सगळं ॲपवर चालतं. जुनी व्यवस्था मेहकरच्या ऑफिसातल्या एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर होती आणि तो आठवड्यातून दोनदा मान टाकायचा. म्हणून सभासदांची ओळख पटवण्याचं काम मी इंटरनेटवरच्या एका सेवेकडे दिलं.

ही सेवा मला आवडते, कारण तिचा स्वभाव माझ्यासारखा आहे. फोन नंबर टाकला की ती लगेच दार उघडत नाही आणि लगेच हाकलूनही देत नाही. उलट प्रश्न करते. त्यालाच आव्हान म्हणायचं. आधी मोबाइलवर आलेला आकडा विचारते. मग सभासदानं नोंदणीच्या वेळी स्वतः लिहून ठेवलेला प्रश्न त्यालाच विचारते. प्रत्येक प्रश्नासोबत ती आकडे-अक्षरांची एक लांबलचक ओळ पाठवते आणि ती ओळ उत्तराबरोबर जशीच्या तशी परत द्यावी लागते. ओळीचं आयुष्य तीन मिनिटं. उशीर झाला तर पुन्हा पहिल्यापासून. आणि तीन उत्तरं चुकली की खातं बंद. हा शेवटचा नियम माझा.

त्याला कारण होतं. सहदेव नावाच्या एका सभासदानं भावाच्या खात्यात शिरून त्याच्या नावावर आपलाच माल चढवला होता. तेव्हा मी भर सभेत उभी राहून सांगितलं होतं, "यापुढे मागचं दार कुणालाही नाही. देव आला तरी त्यानं आपल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं." टाळ्या पडल्या होत्या. मला त्या वेळी फार बरं वाटलं होतं.

जानेवारीतल्या त्या शनिवारी संध्याकाळी सहाला जुनी व्यवस्था बंद होणार होती. चारशे अकरा सभासद नव्या दारातून आत आले होते. राहिला होता एक, सभासद क्रमांक १, शालिग्रामभाऊ, जानेफळ. सहानंतर न आलेल्याचा नंबर रद्द होणार होता आणि त्याला पुढचा नंबर मिळणार होता, चारशे तेरा. शालिग्रामभाऊंची बायको सोजराबाई चार दिवस रोज ऑफिसात फोन करत होत्या. शेवटी मी वैतागून लॅपटॉप उचलला आणि कुलदीपच्या मोटरसायकलवर मागे बसले.

दुपारचे साडेतीन झाले होते. अंगणात रिकाम्या कॅरेटांची चळत होती आणि प्रत्येक कॅरेटवर लाल रंगात 'एक' काढलेला होता. पुसट झालेल्या आकड्यांवरून कुणीतरी नुकताच पुन्हा ब्रश फिरवलेला दिसत होता. छपरीत बाजेवर शालिग्रामभाऊ उशाला टेकून बसले होते. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. गेल्या पोळ्याच्या सुमारास अर्धांगाचा झटका आला, त्यात तो हात गेला आणि जीभही गेली.

"आल्या का बाई? या," सोजराबाई म्हणाल्या. चौसष्ट वर्षांची बाई, पण चाल अशी की मीच मागे पडावी. "च्या ठेवतो."

"मावशी, वेळ कमी आहे."

"च्याले काय वेळ लागते? अन् च्या न घेता कोनाचं काम झालं हाये?"

मी मुद्द्यावर आले. म्हटलं, "मावशी, एक सोपा रस्ता आहे. काकांचं नवं खातं उघडू. पाच मिनिटांचं काम. फक्त नंबर चारशे तेरा येईल. बाकी काही फरक पडत नाही."

चुलीकडे निघालेल्या त्या थांबल्या.

"फरक पडत नाही कसा? हे सायकलीवर गावोगाव फिरले, बाई. लोकं हासत. भाजीवाल्यायची कंपनी म्हने! हात जोडू जोडू मानसं गोया केले, तवा कुठी एक नंबर भेटला." मग त्यांचा आवाज खाली आला. "माहा मानूस अर्धा गेला. बोलत नाही, चालत नाही. तुमच्या कागदावर तरी त्यायले अख्खं राहू द्या."

माझं तापट डोकं अशा वेळी काहीच कामाचं नसतं. मला गलबलून आलं. सगळ्या खात्यांची किल्ली माझ्याकडे होती. एक ओळ लिहिली असती की सेवेनं मान्य केलं असतं, उत्तर बरोबर आहे म्हणून. कुणाला कळलंही नसतं. मी तसं बोलूनही गेले.

सोजराबाईंनी मान हलवली. "त्या सहदेवले नाही म्हनलं, अन् आमाले काऊन हाव? यायची जीभ शाबूत असती तं यायनंच तुमाले झापलं असतं. मांगच्या दारानं नोको. समोरून घ्या त्यायले." आणि त्या आत गेल्या.

म्हणजे माझंच वाक्य माझ्याच तोंडावर. मी बाजेजवळ सतरंजीवर बसले आणि लॅपटॉप उघडला.

सून दीपमाला शेजारी पाण्याचा गडू आणि पेला घेऊन बसली होती. ती म्हणाली, "मामाजीले दोनच शब्द येते आता. एक 'हाव'. अन् दुसरा 'तान'." इकडे होला हाव म्हणतात, आणि तहानेला कुणी तहान म्हणत नाही, तानच म्हणतात. "दिवसातून पन्नास डाव तान लागते त्यायले. अन् पानी देलं का तोंड फिरवते. डॉक्टर म्हनते, जिभीले सवय लागली."

फोन नंबर टाकला. शालिग्रामभाऊंच्या जुन्या मोबाइलवर सहा आकडे आले, ते दिले. पहिलं दार उघडलं. मग पडद्यावर कुलदीपचं ते 'आवाहनाचं उत्तर द्या' आलं आणि त्याखाली शालिग्रामभाऊंनी दोन वर्षांपूर्वी, धडधाकट असताना, स्वतः लिहिलेला प्रश्न. मी तो मोठ्यानं वाचला.

"आधीचं नाव?"

"तान," बाजेवरून आवाज आला.

दीपमालानं पेला पुढे केला. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि मान वळवली.

कुलदीपला लगेच सुचलं. "हे तं सोपं हाये, मॅडम! आपल्या कंपनीचं आधीचं नाव. आधी 'जय किसान गट' होता न? भाऊ, जय किसानच न?"

"हाव," शालिग्रामभाऊ म्हणाले.

मी टाकलं. चूक. पुन्हा तोच प्रश्न, नवी ओळ, नवी तीन मिनिटं. मी पुन्हा वाचलं, "आधीचं नाव?"

"तान."

"आताच तं देलं न, मामाजी," दीपमाला म्हणाली, तरी तिनं पेला पुढे केलाच. त्यांनी डाव्या हातानं तो बाजूला सारला, थोडं पाणी सतरंजीवर सांडलं. मग तिला आठवलं. विहिरीजवळच्या त्यांच्या वावरात आधी नुसते दगड होते, लोक त्याला गोटाडं म्हणायचे. मामाजींनी दगड वेचून तिथे वांगी लावली तेव्हापासून सगळे मळा म्हणायला लागले. "गोटाडं असंन का, मामाजी?"

"हाव."

त्या 'हाव'वर माझा विश्वास बसला. टाकलं. चूक.

तेव्हा मला शंका आली. मी विचारलं, "काका, मी बुलढाण्याची कलेक्टर आहे का?"

"हाव," ते शांतपणे म्हणाले.

दीपमाला तोंडाला पदर लावून हसली. मला हसू येईना. एकच संधी राहिली होती. ती चुकली की खातं बंद, आणि पुन्हा उघडेपर्यंत सहा वाजून गेले असते. जुन्या व्यवस्थेतून आलेलं उत्तर सेवेकडे होतं, पण मलाही ते वाचता येत नव्हतं. ती उत्तर दळून ठेवते. पिठावरून दाणे पुन्हा मांडता येत नाहीत.

कुलदीप मान खाजवत उभा होता. "मॅडम, एक सांगू का? नोंदणीच्या दिवशी मीच होतो भाऊजवळ. त्यायनं मले सांगतलंच नाही उत्तर. मोबाइल घेतला, मांडवाच्या कोपऱ्यात गेले, पाठ फिरवून एका बोटानं टाकत बसले. मी डोकावलो तं अक्षरायच्या जागी चार टिकल्या होत्या नुसत्या. मी म्हनलं, भाऊ, लंबं टाका काहीतरी. तं म्हने, एवढंच हाये ते."

"चार टिकल्या!" मी ओरडलेच. "हे तुम्ही आता सांगता? दोन चुकवल्यावर?"

"आता आठोलं, मॅडम."

काना, मात्रा, वेलांटी, सगळ्याची वेगळी टिकली पडते. म्हणजे अक्षरं दोन-तीन, फार तर चार. 'जय किसान' नाही, 'गोटाडं' नाही. मी कुलदीपला आणखी चार शब्द सुनावले, त्यांतला एकही इथे लिहिण्यासारखा नाही.

तेवढ्यात सोजराबाई चहाचं ताट घेऊन आल्या. "काऊन वरडून राह्यल्या, बाई? काय इचारते तुमचं ते?"

त्या आत होत्या, त्यांनी प्रश्न ऐकलाच नव्हता. मी जरा चिडक्या आवाजातच वाचून दाखवला, "आधीचं नाव?"

"तान," शालिग्रामभाऊ म्हणाले.

दीपमालाचा हात सवयीनं पेल्याकडे गेला.

"थांब," सोजराबाई म्हणाल्या.

ताट हातात तसंच होतं. कुलदीपनं पुढे होऊन ते हातातून घेतलं.

"बाई, परत वाचा."

"आधीचं नाव?"

"तान."

त्या बाजेशी खाली बसल्या आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. पडद्याच्या कोपऱ्यात सेकंद पळत होते. ऑफिसात मी याच तीन मिनिटांसाठी किती भांडले होते. तीन मिनिटं पुष्कळ झाली, ज्याला उत्तर माहीत आहे त्याला एवढा वेळ लागतच नाही, असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं. तीन मिनिटं संपली आणि प्रश्न पडद्यावरून गेला. मी त्यांना घाई केली नाही. चहावर साय धरली.

मग त्या बोलल्या, माझ्याशी नाही, बाजेच्या खुराशी बोलावं तसं.

"लग्नात ताटात तांदूय पसरले. यायनं आंगठीनं त्याच्यात 'सोजरा' काढलं. तवापासून मी सोजरा. माय-बाप गेले, भाऊ गेला. छेचाळीस वर्सं झाले, ते नाव कोनाच्या तोंडातून आलं नाही. यायच्या बी नाही. हे तं मले 'अवं' म्हनत, नाही तं 'सागरची माय'." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, मी ताना होती."

दीपमालानं हातातला पेला हळूच खाली ठेवला.

मी बोटांवर मोजलं. त, काना, न, काना. चार टिकल्या. पण 'तानी'च्याही चारच होतात आणि 'ताने'च्याही. सेवेला अक्षरन् अक्षर जुळलेलं लागतं. मी सांगितलं, "मावशी, एकच संधी आहे. ताना, तानी, काय लिहिलं असेल त्यांनी? माहेरी काय म्हणायचे तुम्हाला?"

"लग्नाआधी माहेरी तानीच म्हनत, मंग तेबी सोजराच म्हनाले लागले." त्या थांबल्या. मग सावकाश म्हणाल्या, "पन यायनं ते आयकलं कुठी? यायनं मले पायलं लग्नाच्या दिवशी, अन् तवाच नाव बदललं. यायनं माहं नाव नुसतं पत्रिकेत वाचलं हाये. पत्रिकेत ताना होतं."

पत्रिकेत एकदा वाचलेलं नाव त्या माणसानं नोंदणीच्या दिवसापर्यंत चव्वेचाळीस वर्षं कुणाला न सांगता जपलं आणि जगात फक्त आपल्याला ठाऊक असेल असं काहीतरी लिहा म्हटल्यावर तेच लिहिलं. मी चष्मा पुसायच्या निमित्तानं तोंड फिरवलं. मला सरळ रडू येत होतं.

या वेळी मी काकांच्या मोबाइलवरच ॲप उघडलं. पुन्हा फोन नंबर, पुन्हा सहा आकडे. प्रश्न आला. मी उत्तराच्या चौकटीवर बोट ठेवणार होते, पण मग मोबाइलच सोजराबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो नवऱ्याच्या मांडीवर ठेवला, त्यांच्या डाव्या हाताचं बोट आपल्या मुठीत धरलं आणि मी दाखवत गेले तसं एकेक अक्षर दाबलं. त. काना. न. चौथ्या वेळी शालिग्रामभाऊंचं बोट बायकोच्या मुठीतून पुढे सरकलं आणि त्यांनी काना आपण होऊन दाबला.

चार टिकल्या. पाठवलं. जानेफळचं नेटवर्क गोल गोल फिरत राहिलं.

'स्वागत आहे, शालिग्राम. सभासद क्रमांक १.'

"एक नंबर!" कुलदीप एवढ्यानं ओरडला की अंगणातली कोंबडी कॅरेटांवर चढली. दीपमाला हसता हसता डोळे पुसत होती. सोजराबाईंनी मोबाइल नवऱ्याच्या डोळ्यांसमोर धरला. त्यांनी तो पाहिलाच नाही. ते बायकोकडे पाहत होते.

"तान," ते म्हणाले.

आणि काय सांगावं सवयीला! दीपमालाचा हात पुन्हा गडूकडे गेला.

"ठेव ते," सोजराबाई म्हणाल्या. "त्यायले तान नाही लागली व माय. पोळ्यापासून मले बलावून राह्यले ते. अन् मी आपली पानी पाजून राह्यली."

त्यांनी बाजेवर नवऱ्याजवळ बसून त्यांचा गेलेला हात मांडीवर घेतला. सुनेसमोर, परक्या माणसांसमोर, छपरीत, भर दुपारी.

"हाव," त्या म्हणाल्या. "अथीच हाये मी."

आम्ही साय धरलेला गार चहा प्यालो आणि निघालो. मेहकरच्या अलीकडे कुलदीपनं गाडी हळू केली आणि मान मागे वळवली.

"मॅडम, तो शब्द बदलून टाकतो आज. आवाहनाचा. रागावू नका."

"राहू द्या," मी म्हटलं.